कोरियन शिकताना 'नव्हे'पासून सुरुवात करा

जालन्याचा किल्ला मस्तगड घ्या. 'हा मस्तगड आहे', 'मस्तगड जालन्यात आहे' आणि 'मस्तगड मोठा आहे' ही तीन वाक्यं मराठी माणूस एकाच 'आहे'वर भागवतो. कोरियनमध्ये त्यांच्या तीन वाटा होतात. पहिल्यात ओळख सांगायची म्हणून 'इदा' नामाला चिकटतं : यॉगिनुन मासुथुगादुयेयो. दुसऱ्यात ठिकाण सांगायचं म्हणून 'इत्ता' येतं : मासुथुगादुनुन जाल्नाए इस्सॉयो. तिसऱ्यात जोडक्रियापद लागतच नाही, कारण 'मोठा असणे' हे तिथे एकच क्रियापद आहे : खॉयो. नवशिक्याची बहुतेक गडबड इथेच होते. 'मोठा'पुढेही तो 'येयो' लावून मोकळा होतो. पुस्तकं बहुधा इंग्रजीतून शिकवतात, आणि इंग्रजीतही या तिन्हींना एकच क्रियापद, त्यामुळे गुंता वाढतो. माझं म्हणणं असं की मराठी माणसाने होकार बाजूला ठेवून नकारापासून सुरुवात करावी. 'हा मस्तगड नव्हे' आणि 'इथे मस्तगड नाही' यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. कोरियन नेमका तोच फरक करते. 'नव्हे'च्या जागी 'आनिएयो', 'नाही'च्या जागी 'ऑप्सॉयो'. जिथे नकार 'नव्हे'ने होईल तिथे होकाराला 'इदा'. जिथे काही नसल्याचं 'नाही' सांगावं लागेल तिथे 'इत्ता'. 'मला भाऊ आहे' यालाही 'इस्सॉयो'च, कारण त्याचा नकार 'मला भाऊ नाही' असाच होतो.

यावर कुणी म्हणेल, बोलण्यात 'नव्हे' उरलंय कुठे? 'हा मस्तगड नाही' असंच सर्रास म्हणतात. खरं आहे. पण 'तसं नव्हे' आपण रोज म्हणतो, आणि 'घरात पैसे नव्हे' असं कुणीही म्हणत नाही. कान अजून शाबूत आहे. दुसरा आक्षेप असा की 'हा माझा भाऊ' एवढ्यावर मराठीत वाक्य पुरं होतं, मग 'इदा'चा अट्टहास कशाला? कारण समोरच्याचा मान कोरियनमध्ये क्रियापदाच्या शेपटात असतो. ते शेपूट गाळलं तर नवख्याचं बोलणं उद्धट वाटतं.

आता माझ्या आवडीचा भाग. नाम व्यंजनाने संपलं तर 'इदा'चं 'इएयो' होतं, स्वराने संपलं तर 'येयो'. जालना स्वरान्त, म्हणून जाल्नायेयो. भोकरदनच्या शेवटचा 'न' तिथेही व्यंजनच राहतो, म्हणून 'इएयो', आणि उच्चारात तो 'न' पुढे सरकून 'दानिएयो' ऐकू येतं. मस्तगड आणि अंबड मात्र फसवतात. शब्दाच्या शेवटी आपल्यासारखा मोकळा 'ड' कोरियन जिभेला चालत नाही. त्याला 'उ' जोडून 'दु' होतं, आणि व्यंजनान्त नाव एकाएकी स्वरान्तांच्या रांगेत येतं. म्हणून नियम लावायचा तो कोरियन उच्चाराला, मराठी अक्षराला नाही.



तेव्हा शिकणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात आपल्या गावाची, घराची, माणसांची वाक्यं आधी नकारात लिहावीत, 'नव्हे' आणि 'नाही' अशा दोन रकान्यांत, आणि मगच त्यांचे होकार करावेत.