न पाहिलेल्या पाइपचं वजन

मुंबईत खेतवाडीच्या गल्ल्यांमधून किंवा सी. पी. टँकहून गुलालवाडीकडे चालताना दुकानांच्या पाट्या वाचत जावं. सीमलेस पाइप, फ्लँज, एसएस ट्यूब, फिटिंग्ज. छोट्याशा पेढीत पाइप मात्र सहसा नसतोच. माल असतो कळंबोलीच्या गोदामात. इथे टेबलावर फोन आणि कॅल्क्युलेटर. तरी टनावारी सौदे इथेच ठरतात, कारण पाइपचं वजन काट्याआधी कागदावर काढता येतं.

सूत्र एवढंसं आहे. ओडीतून, म्हणजे बाहेरच्या व्यासातून, थिकनेस, म्हणजे भिंतीची जाडी, वजा करा. उत्तराला थिकनेसने गुणा आणि मग ०.०२४६६ ने. मापं मिलिमीटरमध्ये घेतली की मीटरला किती किलो ते हातात येतं. सहा इंची, शेड्यूल ४० पाइप घेऊ. (हा ‘सहा इंची’ बाहेरून साडेसहाच्याही वर भरतो आणि आतून सहाहून किंचित जास्त!) ओडी १६८.३, थिकनेस ७.११. मीटरला २८.२६ किलो, सहा मीटरचा नग साधारण १६९.५ किलोचा.

पाइप उभा चिरून सपाट केला अशी कल्पना करा. पट्टी होईल, पण तिची रुंदी कोणती धरायची? बाहेरचा परीघ मोठा, आतला लहान. धरायचा तो बरोबर मधला, आणि ओडी वजा थिकनेस हाच त्या मधल्या वर्तुळाचा व्यास. मला खरं नवल वाटतं ते पुढे. हा अंदाज नाही. मधल्या रेषेच्या बाहेरच्या अंगाला जेवढं पोलाद जास्त, नेमकं तेवढंच आतल्या अंगाला कमी. पाइप कितीही जाड असो, हिशेब तंतोतंत जुळतो.

०.०२४६६ मध्ये दोनच गोष्टी दडल्या आहेत: पाय (π) आणि पोलादाची घनता, घनमीटरला ७८५० किलो. यातला पाय जुनाच आहे: भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त परिघासाठी ३९२७ भागिले १२५० हे गुणोत्तर दिलं. ते गुणोत्तर ७८५० ने गुणून दहा लाखांनी भागा; आजचाच आकडा येतो. एसएस ३०४ हे स्टेनलेस पोलाद जरा जड, म्हणून त्याला ०.०२४९ घेतात.

प्रकल्पावर हा आकडा एकटा पुरत नाही. याच पाइपमध्ये पाणी भरलं की मीटरमागे आणखी साडेअठरा किलोंवर भार चढतो. सपोर्ट त्या भरलेल्या पाइपच्या हिशेबाने लागतात, कारण हायड्रो टेस्टच्या, म्हणजे पाण्याच्या दाबाने पाइप तपासण्याच्या, दिवशी पाइप काठोकाठ भरलेला असतो.

आणि काटा? तो हिशेब तपासतोच, शिवाय डोळ्यांना न दिसणारंही सांगतो. थिकनेस मोजणारा व्हर्निअर लागतो तो पाइपच्या तोंडापाशी. मधली भिंत त्याच्या आवाक्याबाहेर. एएसटीएम ए१०६ या सीमलेस पाइपच्या मानकात एखाद्या जागी थिकनेस साडेबारा टक्क्यांपर्यंत कमी चालतो. पण बारा इंचांपर्यंतच्या पाइपच्या अख्ख्या नगाचं वजन साडेतीन टक्क्यांहून जास्त घटलेलं चालत नाही. म्हणजे भिंत कुठेतरी पातळ असली, तर दुसरीकडे तिने भरपाई केलेली असायला हवी. आपला १६९.५ किलोचा नग १६३.६ च्या खाली उतरला, तर तोंडापाशी व्हर्निअर काहीही दाखवो, तो ए१०६ मध्ये बसत नाही.