कोहिनूर ब्रिटिश म्युझियममध्ये नाही

लंडनला निघालेल्या मराठी माणसाच्या यादीत कोहिनूर हमखास असतो. तो ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलाय, याबद्दल त्याच्या मनात शंकाही नसते. व्हॉट्सअ‍ॅपवर हेच फिरतं, व्यासपीठांवरच्या भाषणांत हेच असतं आणि जाऊन आलेले काहीजणही छातीठोकपणे हेच सांगतात. कितीही वेळा खोडून काढलं तरी हे पुन्हा उगवतं.

कोहिनूर ब्रिटिश म्युझियममध्ये नाही. तो टॉवर ऑफ लंडन या थेम्सकाठच्या किल्ल्यात, राजघराण्याची रत्नं ठेवलेल्या ज्युएल हाऊसमध्ये आहे. दोन जागांमध्ये साधारण चार किलोमीटरचं अंतर आहे. ब्रिटिश म्युझियम फुकट पाहता येतं, टॉवरचं तिकीट मोठ्या माणसाला तीस पौंडांच्या वर जातं. एका दिवसात लंडन उरकणाऱ्या सहलींमध्ये त्यामुळे काय होतं? म्युझियममध्ये तासभर दिला जातो, टॉवरसमोर बस थांबते, फोटो काढले जातात आणि बस पुढे निघते. तो तासभर माणसं कोहिनूर शोधत दालनं पालथी घालतात. त्याच इमारतीत आंध्रातून नेलेली अमरावती स्तूपाची अप्रतिम शिल्पं आहेत, ती मात्र राहून जातात. याचं खरोखर वाईट वाटतं.

जे टॉवरच्या आत जातात, त्यांचीही एक चूक होते. मुकुटांच्या काचपेट्यांजवळून सरकत्या पट्ट्यावर उभं राहून पुढे जायचं असतं, फोटो काढायला मनाई असते. राजदंडातला भलामोठा हिरा दिसला की ‘तोच कोहिनूर’ म्हणून बोटं दाखवली जातात. तो ५३० कॅरटचा कलिनन, १९०५ साली दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या हिऱ्याचा सर्वांत मोठा तुकडा. कोहिनूर आहे १०५.६ कॅरटचा आणि तो १९३७ साली एलिझाबेथ द्वितीय यांच्या आईसाठी घडवलेल्या मुकुटात, पुढच्या बाजूला बसवलेला आहे. भारतातून गेला तेव्हा तो जुन्या मापाने १८६ कॅरटचा होता. १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात तो लोकांना निस्तेज वाटला, म्हणून पुढच्याच वर्षी त्याला नव्याने पैलू पाडले. त्यात हिरा एवढा घटला.

‘राणीच्या डोक्यावर कोहिनूर होता’ हेही असंच अर्धवट. १९५३ च्या राज्याभिषेकात एलिझाबेथ द्वितीय यांनी घातलेल्या दोन्ही मुकुटांत कोहिनूर नव्हता. कोणत्याही ब्रिटिश राजाने तो मुकुटात मिरवलेला नाही. व्हिक्टोरियानंतर तो राजांच्या पत्नींच्या मुकुटांत राहिला. २०२३ साली राणी कॅमिला यांच्या मुकुटातून तर तो वगळलाच गेला.

सर्वांत जास्त संताप येतो तो ‘आपल्याच राजाने भेट दिला’ या वाक्याचा. हे सामान्य माणसाने म्हटलं तर समजू शकतं, पण एप्रिल २०१६ मध्ये भारताच्या सॉलिसिटर जनरलनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की शीख युद्धांत मिळालेल्या मदतीची भरपाई म्हणून रणजितसिंहांनी तो स्वखुशीने दिला. रणजितसिंह १८३९ मध्येच वारले होते. पहिलं इंग्रज-शीख युद्ध सुरू झालं १८४५ मध्ये. लगेचच सरकारला खुलासा करून हिरा परत आणण्यासाठी प्रयत्न करू, असं सांगावं लागलं.

घडलं ते कागदावर आहे. २९ मार्च १८४९ च्या लाहोर तहाच्या तिसऱ्या कलमात कोहिनूरचा नावानिशी उल्लेख आहे : लाहोरच्या महाराजांनी तो इंग्लंडच्या राणीच्या हवाली करावा. हे महाराज म्हणजे दुलीपसिंह, वय दहा वर्षं. आई जिंद कौर यांच्यापासून त्यांना आधीच तोडलं होतं, राज्य त्याच तहाने खालसा होत होतं. दहा वर्षांच्या पराभूत मुलाकडून सही घेऊन नेलेल्या वस्तूला भेट म्हणत नाहीत. गव्हर्नर जनरल डलहौसी याने हिरा स्वतः लाहोरहून मुंबईला आणला आणि एप्रिल १८५० मध्ये ‘मेडिया’ या युद्धनौकेतून तो मुंबईहून इंग्लंडला रवाना झाला.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. बिग बेन हे घड्याळाच्या मनोऱ्याचं नाव नसून आतल्या साडेतेरा टनांहून जड घंटेचं आहे; मनोरा २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर. दोन मनोऱ्यांचा, उघडणारा पूल म्हणजे टॉवर ब्रिज. लंडन ब्रिज त्याच्या वरच्या अंगाला आहे, साधा, सपाट, १९७३ चा. स्टोनहेंज ड्रुइड पुरोहितांनी उभारलं नाही. मोठे दगड उभे राहिल्यावर ड्रुइडांची पहिली नोंद सापडायला दोन हजारांवर वर्षं जावी लागली. बकिंगहॅम राजवाड्यासमोरचा पहारेबदल रोज होत नाही, वार पाहून जावं. आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली. ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत याचा पुरावा आपल्याकडे नाही, असं खुद्द ते म्युझियमच म्हणतं.

सहलीचे पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : टॉवर ऑफ लंडनचं आतलं तिकीट धरलं आहे का? ‘बाहेरून दर्शन’ असं उत्तर आलं आणि तुम्हाला कोहिनूर पाहायचाच असेल, तर तेवढा अर्धा दिवस गटापासून मोकळा मागून घ्या आणि तिकीट स्वतः काढा.