५९ पैसे आणि ९५४ कोटी

एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने शालेय पोषण आहाराचा दर वाढवला. बालवाटिका आणि पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ६ रुपये १९ पैसे मिळत होते, ते १ मेपासून ६ रुपये ७८ पैसे झाले. वाढ ५९ पैशांची. सहावी ते आठवीच्या मुलामागचे ९ रुपये २९ पैसे १० रुपये १७ पैशांवर गेले. वाढ ८८ पैशांची. या दोन वाढींपायी २०२५-२६ या एका वर्षात केंद्राला जादा उचलावी लागणारी रक्कम सरकारनेच जाहीर केली: सुमारे ९५४ कोटी रुपये.

९५४ कोटी म्हणजे किती? सेकंदाला एक रुपया या वेगाने, रात्रंदिवस न थांबता मोजत बसलं तर ३०२ वर्षं लागतील. थोरल्या बाजीरावांच्या पेशवाईत मोजायला बसलेला माणूस आत्ता कुठे उठला असता. आणि ज्या मुलासाठी हा सगळा खर्च, त्याच्या ताटात पडले ५९ पैसे.

दोन्ही आकडे खरे आहेत. मधला दुवा आहे मुलांच्या संख्येचा. ही योजना १० लाख ३६ हजार शाळांमधल्या ११ कोटी २० लाख मुलांसाठी आहे. जर्मनीची अख्खी लोकसंख्या साडेआठ कोटींच्या आत आहे; आपण त्याहून जास्त मुलांच्या दुपारच्या जेवणाची सोय करायला निघालो आहोत. एवढ्या मोठ्या पंगतीत प्रत्येक पैशाचे कोटी होतात.

मुलं असलेल्या कुटुंबांना सरकारने किती मदत करावी, हा वाद आपल्याकडे नेहमी कोटींच्या आकड्यांवर चालतो. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी फुकट वाटपासाठी ‘रेवडी’ हा शब्द वापरला, तेव्हापासून प्रत्येक योजनेला तो चिकटवला जातो. ‘करदात्यांचा पैसा’, ‘तिजोरी रिकामी’, ‘फुकटाची सवय’ ही वाक्यं कोटींच्या आकड्याकडे बघूनच सुचतात. माझं म्हणणं असं की मुलांवरच्या खर्चाचा कुठलाही आकडा आधी मुलांच्या संख्येने आणि मग दिवसांच्या संख्येने भागल्याशिवाय त्यावर मत देऊच नये. भागाकार केला की वादाचं स्वरूपच बदलतं.

आधी ताटापाशीच थांबू. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. १०० ग्रॅम धान्य केंद्राकडून वेगळं येतं. ६ रुपये ७८ पैशांत बसवायचं ते २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, मीठ-मसाला आणि इंधन. तूरडाळ १२० रुपये किलो धरली तर २० ग्रॅमचे २ रुपये ४० पैसे. भाजी ४० रुपये किलो धरली तर २ रुपये. तेल १५० रुपये किलो धरलं तर ७५ पैसे. झाले ५ रुपये १५ पैसे. उरलेल्या १ रुपया ६३ पैशांत हळद, तिखट, मीठ आणि गॅस. भाजी साठ रुपयांवर गेली की त्यातलाही एक रुपया गेला. पावसाळ्यात खिचडीतली भाजी का दिसेनाशी होते, याचं उत्तर बहुतेक वेळा या हिशेबातच असतं.

हे जेवण रांधणाऱ्या स्वयंपाकी-मदतनीस बाया देशभरात सुमारे २५ लाख आहेत. केंद्राच्या निकषाप्रमाणे त्यांचं मानधन महिन्याला १,००० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. हा निकष २००९ सालचा आहे. काही राज्यं आपल्या पदरचे पैसे घालून मानधन वाढवतात, म्हणून निभावतं.

आता अंड्याचा हिशेब. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने शाळेत आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं; अंड्यामागे ५ रुपये धरले. जानेवारी २०२५ मध्ये अंडी आणि साखरेसाठीचा हा निधी थांबला. द्यायचं तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं गेलं. वाचणारी रक्कम सुमारे ५० कोटी. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा. म्हणजे १४ हजार रुपयांमागे एक रुपया. त्याच अर्थसंकल्पात ‘लाडकी बहीण’साठी ३६ हजार कोटी आहेत, दिवसाला जवळपास ९९ कोटी. बहिणींच्या हातात थेट पैसा जातो याचा मला आनंदच आहे. पण अंड्यांचा वर्षाचा खर्च या योजनेच्या जेमतेम अर्ध्या दिवसाइतका होता. पैसा नव्हता म्हणून अंडं बंद झालं, हे या आकड्यांपुढे टिकत नाही.

भागाकाराने उलटंही दिसतं. ‘लेक लाडकी’ योजनेत मुलीला १ लाख १ हजार रुपये मिळतात, म्हणून ती ‘लखपती’ होते, असं सांगितलं जातं. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांसाठी ही मदत मोलाची आहे, यात शंका नाही. पण हप्ते पाहा: जन्मल्यावर ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि अठरा वर्षं पुरी झाल्यावर ७५ हजार. म्हणजे दूध, वह्या, दवाखाना या सगळ्या खर्चाच्या अठरा वर्षांत २६ हजार. दिवसाला ३ रुपये ९६ पैसे.

अंगणवाडीतलं चित्र याहून वेगळं नाही. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाच्या पूरक आहाराचा दर २०१७ साली ठरला तो दिवसाला ८ रुपये. वर्षाचे ३०० दिवस धरले तर २,४०० रुपये. अंगणवाडी आणि पोषणाच्या मोठ्या योजनेला केंद्राने २०२५-२६ मध्ये २१,९६० कोटी दिले, शालेय जेवणाला १२,५०० कोटी. दोन्ही मिळून ३४,४६० कोटी. ऐकताना छाती दडपते. पण त्या वर्षीचा केंद्राचा एकूण अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा होता. शंभर रुपयांतले ६८ पैसे. राज्यांचा वाटा आणि धान्याची सबसिडी यात धरलेली नाही. ती धरली तरी हा खर्च देशाला बुडवणारा ठरत नाही. दुसऱ्या बाजूला २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. महाराष्ट्राचा आकडाही तोच.

मदत दिली तर लोक जास्त मुलं जन्माला घालतील, ही भीतीही अजून बोलून दाखवली जाते. त्याच पाहणीत देशाचा जननदर बाईमागे २ मुलं होता आणि महाराष्ट्राचा १.७. कुटुंबं आधीच लहान झाली आहेत.

मदतीने आईबाप आळशी होतात, हा वाद अमेरिकेतही रंगला. २०२१ मध्ये तिथे सरकारने मुलांसाठीची करसवलत वाढवली आणि जुलै ते डिसेंबर महिन्याला मुलामागे २५० ते ३०० डॉलर थेट खात्यात टाकले. त्या वर्षी मुलांमधल्या गरिबीचं प्रमाण ५.२ टक्क्यांवर आलं. पूरक मोजमापानुसार तोवरचं सर्वांत कमी. आईबापांना कामाची अट घाला, असा आग्रह सिनेटर जो मँचिन यांनी धरला, वाढीव मदत संपली आणि पुढच्याच वर्षी हे प्रमाण १२.४ टक्क्यांवर गेलं. एका वर्षात दुपटीहून जास्त.

आपल्याकडे मला सर्वांत जास्त बोचणारी तुलना मात्र घरातलीच आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर बाईला किमान ६ हजार रुपयांचा हक्क दिला. सरकारी नोकरीतल्या किंवा दुसऱ्या कायद्याने तोच लाभ मिळणाऱ्या बाया तेवढ्या वगळल्या. २०१७ पासूनची मातृ वंदना योजना पहिल्या बाळाला ५ हजार देते आणि दुसऱ्याला ६ हजार, तेही मुलगी झाली तरच. डिसेंबर २०१७ मध्ये ६० अर्थतज्ज्ञांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून कायद्यातली पूर्ण रक्कम द्या अशी विनंती केली होती. वर्षाला अडीच कोटी जन्म धरून प्रत्येकीला ६ हजार दिले तरी खर्च १५ हजार कोटी, म्हणजे केंद्राच्या शंभर रुपयांतले ३० पैसे. त्याच वर्षी, २०१७ मध्ये, संघटित क्षेत्रातल्या बाईची भरपगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. महिना ५० हजार पगार असेल तर ती तीन लाखांची होते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं पोटही तेवढंच वाढतं आणि बाळही तेवढंच रडतं. तिच्या वाट्याला ५ हजार.

केंद्रीय कर्मचाऱ्याला दोन मुलांपर्यंत, प्रत्येक मुलामागे महिन्याला २,८१२ रुपये ५० पैसे शिक्षण भत्ता मिळतो. २०२४ च्या सुरुवातीपर्यंत तो २,२५० होता. तो वाढवायला कुणी मोर्चा काढला नाही. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की हा भत्ता आपोआप २५ टक्क्यांनी वाढतो, असा नियमच आहे. नियम चांगला आहे आणि तो तसाच राहावा. पण मग गरोदर मजुरणीचे ६ हजार २०१३ पासून जिथल्या तिथे का? अंगणवाडीतले ८ रुपये कुणाच्या तरी मर्जीवर का? शाळेतल्या डाळीचा दर ऑक्टोबर २०२२ ते डिसेंबर २०२४ तसूभर का हलला नाही?

म्हणून मागणी साधी आहे. अंगणवाडीतल्या, शाळेतल्या आणि बाळंतिणीच्या प्रत्येक दराला महागाईशी बांधा, जसा पगार बांधला आहे. दरवर्षी १ एप्रिलला तो नियमाने वाढू द्या, म्हणजे ५९ पैशांसाठी मंत्रिमहोदयांच्या घोषणेची वाट पाहावी लागणार नाही. आणि अर्थसंकल्प मांडताना कोटींच्या आकड्याशेजारी दर मुलामागचा, दर दिवसाचा आकडाही छापा. हा खर्च जास्त आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो दुसरा आकडा वाचून तसं म्हणावं.