अपत्यजन्माचे नियोजन

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आडसाली ऊस घेणारा बारामती-इंदापूरचा शेतकरी लागणीपूर्वीच १६ ते १८ महिन्यांचा हिशेब मांडतो. अपत्याबाबत मात्र असा विचार क्वचितच होतो.

स्त्रीबीज पुढील पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी सुटते व जेमतेम १ दिवस टिकते. शुक्रजंतू ५ दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून गर्भधारणेस अनुकूल काळ महिन्यात साधारण ६ दिवसांचाच असतो. पाळी मागेपुढे झाल्यास हा हिशेब चुकतो. तेव्हा मूल लांबविण्यासाठी तांबी, गोळ्या वा निरोध हेच भरवशाचे उपाय होत. एका प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने जावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

मूल हवे असूनही वर्षभरात दिवस न राहिल्यास, पत्नीचे वय ३५ वर्षांवर असल्यास ६ महिन्यांतच, पती-पत्नी दोघांचीही तपासणी व्हावी. दोष पुरुषातही असू शकतो, आणि त्याची प्राथमिक तपासणी अधिक सोपी असते. तपासणीविना सुनेला वांझ ठरविणे हा उघड अन्याय आहे. तो थांबविण्यास शिक्षक व पंचायत सदस्य यांचा शब्द गावात निश्चितच उपयोगी पडेल.