लुनियाखेडीचा तंबुरा

देवासचे नाव निघाले की मराठी माणसाच्या ओठांवर पहिले नाव येते ते कुमार गंधर्वांचे. ते साहजिकच आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमारजी क्षयाने आजारी होऊन १९४८ मध्ये हवापालटासाठी देवासला आले आणि १९९२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत इथलेच झाले. माळव्याची लोकगीते आणि कबीराची निर्गुणी भजने त्यांनी मैफलीत नेली. आमच्या मराठी घरांत कबीर पोहोचला तो बहुतांशी त्यांच्याच गळ्यातून.

पण कुमारजींनी ज्या मातीतून ही भजने वेचली, तिथे ती आजही गायली जातात. टोंकखुर्दच्या आसपासच्या कुठल्याही खेड्यात विचारा, प्रल्हादसिंह टिपानिया हे नाव ठाऊक नाही असा माणूस विरळाच. आपल्या मराठी मंडळींना मात्र ते फारसे परिचित नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

टिपानियाजींचा जन्म १९५४ चा. उज्जैन जिल्ह्यातले, मक्सीजवळचे लुनियाखेडी हे त्यांचे गाव. बलाई समाजातला, कष्टकरी घरातला हा मुलगा शिकून शाळामास्तर झाला. घरी गाण्याचा वारसा नव्हता. खेड्यातल्या भजनी मंडळींचा तंबुरा कानी पडला आणि त्या नादाने मास्तरांना असे ओढून घेतले, की ते वाद्यही शिकले आणि भजनेही. एका हाताने तंबुरा छेडायचा, दुसऱ्या हातात करताल वाजवायची. साथीला ढोलक, पेटी, टिमकी, मंजिरी आणि व्हायोलिन. बंधू अशोक आणि मुलगा अजय हेही या मंडळीत.

त्यांच्या गाण्याची खुबी अशी, की भजन मध्येच थांबते आणि मास्तर बोलू लागतात. जात कुणी केली, देव कुठे शोधतोस, दारू का सोडत नाहीस, असे प्रश्न माळवी ढंगात विचारून पुन्हा सूर धरतात. आपल्याकडच्या कीर्तनकाराची आठवण यावी अशीच ही रीत. फरक इतकाच, की इथे निरूपण करणारा ज्या समाजातून आला, त्याला पिढ्यान्‌पिढ्या देवळाबाहेर उभे केले गेले होते.

१९९१ पासून काही वर्षे देवासला एकलव्य संस्थेने ‘कबीर भजन एवं विचार मंच’ चालवला. दर महिन्याला खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या जमत, रात्रभर भजने होत आणि त्यांच्या अर्थावर चर्चाही. टिपानियाजी त्यातले एक प्रमुख गायक. अमेरिकेतल्या कबीर-अभ्यासक लिंडा हेस यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये त्यांचा अमेरिका दौरा झाला. २००७ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री असे सन्मान पुढे आले.

वाटेत वादही आले. त्यांनी कबीरपंथात महंतपद स्वीकारले, चौका-आरतीचे विधी करू लागले, तेव्हा जुन्या मित्रांनीच विचारले, की कर्मकांडावर कोरडे ओढणाऱ्या कबीराच्या गायकाला हे शोभते का? शबनम विरमाणी यांच्या ‘कबीरा खडा बजार में’ या माहितीपटात हा पेच फार प्रामाणिकपणे आला आहे.

दुसरी कसोटी २०१९ ची. देवास हा अनुसूचित जातींसाठी राखीव लोकसभा मतदारसंघ. काँग्रेसने टिपानियाजींना उमेदवारी दिली. समोर न्यायाधीशपद सोडून आलेले भाजपचे महेंद्रसिंह सोळंकी. निकाल लागला तेव्हा मास्तर साडेतीन लाखांहून अधिक मतांनी मागे होते. म्हणजे ज्यांनी रात्र रात्र जागून त्यांना ऐकले, त्यांतल्याही कितीतरी जणांनी मत दुसरीकडेच दिले असणार.

दूर आफ्रिकेत सेनेगलमध्ये वोलोफ भाषेत गाणारे यूसू न्डूर यांनीही २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवू पाहिली. त्यांचा अर्जच फेटाळला गेला. मात्र सत्ताबदलानंतर ते मंत्री झाले. गाण्यावर जीव टाकणारे लोक सत्तेचा हिशेब वेगळ्या वहीत मांडतात, असे दिसते.

यात लोकांचा कृतघ्नपणा शोधण्याचे कारण नाही. श्रोता गायकाकडे जातो तो स्वतःला प्रश्न विचारून घ्यायला. मतदार उमेदवाराकडे जातो तो उत्तरे मागायला. एकाच माणसाने दोन्ही कामे करणे अवघड. टिपानियाजींच्या मंडळीतला तंबुरा पराभवानंतरही थांबला नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मी ज्या वर्गांत शिकवतो, तिथे कित्येक मुलांना ही भजने घरातूनच पाठ असतात. परंतु ती ‘साहित्य’ आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. आपल्या घरांतही कुमारजींचा कबीर आदराने ऐकला जातो आणि शेजारच्या गावात चाललेल्या भजनाला ‘त्यांचे भजन’ म्हटले जाते. हे ‘त्यांचे’ आणि ‘आपले’ पुसावे म्हणूनच तर कबीर गायला जातो. पुढच्या वेळी असे भजन कानी पडले, तर मंडळी, ओट्यावरून ऐकू नका. सतरंजीवर जाऊन बसा.