देव दारी येतो तेव्हा : कोकणातील शिमगोत्सव

देशाच्या बहुतेक भागांत होळी म्हणजे पौर्णिमेची रात्र आणि दुसऱ्या दिवशीचे रंग. कोकणात हा सण इतक्या लवकर आटोपत नाही. फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजेच फाक पंचमीला, अनेक गावांत पहिली लहानशी होळी पेटते आणि तेथून कोठे रंगपंचमीपर्यंत, तर कोठे पार गुढीपाडव्याच्या उंबरठ्यापर्यंत शिमगा चालू राहतो. रत्नागिरी जिल्ह्यात तर शिमगेही दोन आहेत. त्रयोदशीला होळी उभी करणाऱ्या गावांचा तो तेरसे शिमगा आणि पौर्णिमेला होम करणाऱ्यांचा तो भद्रेचा शिमगा. शेजारशेजारच्या दोन गावांचा सण वेगवेगळ्या दिवशी असला, तरी त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

या उत्सवाचे मर्म रंगांत नव्हे, पालखीत आहे. एरवी वर्षभर माणसे देवळात जातात. शिमग्यात ग्रामदेवता स्वतः घरोघरी येते. देवतेचे चांदीचे मुखवटे, ज्यांना कोकणात ‘रुपे’ म्हणतात, ते पालखीत लावले जातात. ढोलताशांच्या गजरात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, येते आणि मग वाडीवाडीतून तिचा फेरा सुरू होतो. कोणत्या दिवशी कोणती वाडी आणि त्या वाडीत कोणते घर आधी, हे परंपरेने ठरलेले असते. मुंबईतील चाकरमान्याची रजाही याच क्रमावरून ठरते.

पालखी येणार म्हणून अंगण सारवले जाते, दारी तोरण लागते, रांगोळी पडते. सुवासिनी देवीची ओटी भरतात. त्यानंतर गावातील जाणता माणूस घरच्यांच्या वतीने गाऱ्हाणे घालतो. हे गाऱ्हाणे म्हणजे पोथीतील मंत्र नव्हे. कोणाची नोकरी, कोणाचे आजारपण, कोणाचे अडलेले लग्न अशी घरातील खरीखुरी चिंता रोजच्या बोलीत देवापुढे मांडली जाते आणि जमलेले शेजारी एका सुरात त्याला होकार भरतात. घरातील गुपित म्हणावे असे पुष्कळ काही त्या अंगणात सर्वांसमक्ष बोलले जाते. एरवी तोंड उघडताना दहा वेळा विचार करणारी माणसेही त्या वेळी संकोच करीत नाहीत.

गांभीर्य एवढ्यापुरतेच. पुढच्याच क्षणी पालखी खांद्यांवर, कधी डोक्यावर घेऊन नाचवली जाते. खेळ्यांचे नमन होते, संकासुर मुलांच्या मागे धावतो, स्त्रीवेष घेतलेली गोमू नाचते. मुले वाटेत आडवी येऊन शबय, म्हणजे शिमग्याची खुशाली, मागतात. सिंधुदुर्गात काही ठिकाणी रात्री सोंगांची मिरवणूक, अर्थात रोंबाट, निघते.

होळीचे झाडही असेच सामाईक. गावाच्या रिवाजाप्रमाणे माड, आंबा, शेवर किंवा सुरमाड निवडला जातो आणि तोडलेले झाड अख्खा गाव खांद्यावरून वाहून आणतो. झाड उभे करताना आणि होम पेटताना बोंबा ठोकल्या जातात, फाका घातल्या जातात. त्यांत शिव्याही असतात. मराठीत ‘शिमगा करणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाला. पण ही मोकळीक बेबंद नसते: ती त्या जागेपुरती आणि त्या वेळेपुरती असते, आणि ऐकणाराही बोलणाऱ्याला लहानपणापासून ओळखत असतो. अनोळखी शहरी गर्दीत हीच मोकळीक त्रासदायक का ठरते, याचे उत्तर बहुधा याच ओळखीत आहे.

सारे गोडीगुलाबीचे असते असेही नाही. पालखीला पहिला खांदा कोणाचा, आधी कोणाच्या दारी जायचे, या मानपानावरून भाऊबंदकी उफाळते. काही गावांत वाद इतके विकोपाला जातात की पोलीस बंदोबस्तात पालखी काढावी लागते. हा मान पिढ्यान्‌पिढ्या ठराविक घराण्यांकडे राहिला आहे, त्यामुळे गावाच्या रचनेतील उच्चनीचताही सणात दिसून येते.

आज मात्र मोठा प्रश्न बंद घरांचा आहे. कोकणातील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी मुंबई, ठाणे, पुण्यात स्थिरावली. गणपती आणि शिमगा या दोन सणांना ती गावी परततात, म्हणून १९९८ मध्ये पूर्ण मार्गाने सुरू झालेल्या कोकण रेल्वेवर होळीच्या काळात विशेष गाड्या सोडाव्या लागतात. घरात वृद्ध आईवडील असेपर्यंत चूल पेटती असते. ते गेल्यावर पालखीच्या दिवसापुरते तरी कुलूप उघडावे, यासाठी भावंडांमध्ये पाळ्या लागतात. कोणालाच येणे जमले नाही, तर अनेकदा शेजारीण ओटीचे सामान घेऊन पुढे होते आणि गाऱ्हाण्यात त्या घराचेही नाव घ्यायला सांगते.

फेरा पुरा झाला की काही गावांत ‘शिंपणे’ होते. एकमेकांवर रंगाचे पाणी शिंपडले जाते, रुपे उतरवून जपून ठेवली जातात. तोवर परतीच्या गाड्यांची वेळ झालेली असते, आणि फणसाचे गरे, कोकम, तांदळाचे पीठ अशा पिशव्या शेजाऱ्यांच्या हातून गाडीत चढत असतात.