शहरात मुलूख किती उतरतो?

बँकेतल्या नोकरीमुळे बदल्या होत गेल्या आणि तीन शहरं राहून कळली. सोलापूर माझं माहेर आणि काही काळ नोकरीचंही गाव, कोल्हापूर आणि नागपूर बदलीची गावं. भोवतालच्या मुलखाची ओळख कोणत्या शहरात सगळ्यात जास्त दिसते, असा विषय निघाला की माझ्या बहुतेक मैत्रिणी कोल्हापूरचं नाव घेतात. माझा कौल सोलापूरला आहे, आणि तो केवळ माहेरच्या ओढीनं दिलेला नाही.

कोल्हापूरचं नाव लगेच का सुचतं ते मला कळतं. तिथं खेडं शहराच्या आतच नांदतं. गंगावेशीत रात्री म्हशी बांधलेल्या असतात, गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. पिणाऱ्यांत तालमीतली पोरं असतात, तशी दुकान बंद करून आलेली माणसंही असतात. पेठेपेठेत तालमी आहेत आणि पाटाकडील, खंडोबा अशा तालमींच्या नावांचेच फुटबॉल संघ मैदानात उतरतात. खासबागेचं कुस्तीचं मैदान राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली उभं केलं. खेड्यातल्या मुलांना शहरात राहून शिकता यावं म्हणून वेगवेगळ्या समाजांच्या बोर्डिंगांना त्यांनी जागा दिल्या, पैसा दिला. शहर आणि खेडं यांची गाठ एका राजानं जाणीवपूर्वक बांधली. म्हणूनच कोल्हापूरची ओळख इतकी ठसठशीत आहे.

पण ठसठशीत ओळखीत काही माणसं मागे पडतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार जिल्हेही त्यात होते. नाव कोल्हापूरचं आणि कष्ट दोन राज्यांतल्या कारागिरांचे. आपल्या चपलेबद्दल अभिमानानं बोलणाऱ्या कोल्हापूरकरांच्या तोंडी त्या पलीकडच्या कारागिरांचं नाव मला क्वचितच ऐकू आलं.

नागपूर पडलं राजधानीचं शहर. आधी मध्य प्रांताचा आणि पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाचा कारभार तिथून चालला. त्यामुळे हिंदी कचेरीत रुजली आणि बाजारात टिकली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते तेव्हा शहराचा अस्सल वैदर्भी रंग दिसतो. एरवी वऱ्हाडी बोली कान भरून ऐकायची तर अकोला-अमरावतीकडं जावं लागतं, आणि झाडीपट्टीचं रात्रभर चालणारं नाटक बघायचं तर वडसा गाठावं लागतं. दीक्षाभूमीचं मोल याहून फार मोठं आहे, पण ती एका प्रदेशाची नाही, साऱ्या देशाची आहे.

आता सोलापूर. हा मुलूखच सरमिसळीचा आहे. राज्य पुनर्रचनेआधी विजापूर मुंबई राज्यात होतं आणि गुलबर्गा, उस्मानाबाद हैदराबाद राज्यात. या सगळ्यांची बाजारपेठ मात्र सोलापूर. कापड गिरण्या निघाल्या, हातमाग आले आणि तेलंगणातून पद्मशाली विणकर येऊन पूर्व भागात वसले. सोलापुरी चादर त्यांच्या हातांनी नावारूपाला आली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तो यांचाच.

पूर्व भागातल्या शाखेत असताना विडी कामगार बायका माझ्या काउंटरवर यायच्या. त्यांच्या घरीही मी गेले आहे. उंबऱ्याशी बसलेली बाई, मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, टोक मुडपून दोरा गुंडाळायचा. हात थांबत नाही आणि बोलणंही थांबत नाही. नातवाला तेलुगूत दटावते, दारातल्या भाजीवाल्याशी दख्खनी उर्दूत घासाघीस करते, माझ्याशी पासबुकाबद्दल मराठीत बोलते. शेजारीण लिंगायत असेल तर कामापुरतं कन्नडही येतं. यात काही विशेष आहे असं तिला वाटत नाही.

हाच स्वभाव सिद्धेश्वराच्या जत्रेत दिसतो. तिला सगळे गड्डा म्हणतात. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शिवशरण, बसवेश्वरांच्या काळातले, आणि त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. एका कुंभारकन्येनं त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न करायला सांगितलं, अशी कथा आहे. दर वर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तेच लग्न लागतं. सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस कमरेच्या पट्ट्यावर तो उंच ध्वज उभाच्या उभा तोलत चालतो आणि दमला की दुसरा पुढे होतो. ध्वजांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे आहे. संमती कट्ट्यावर या लग्नाच्या संमतीचं वाचन होतं ते कन्नडमध्ये. जमलेल्या कितीतरी मराठी आणि तेलुगू माणसांना त्याचा शब्द न् शब्द कळत नाही, पण अक्षता कधी टाकायच्या हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी आईच्या कडेवर बसून टाकल्या आहेत.

१९३० साली स्वातंत्र्य चळवळ चिरडण्यासाठी सोलापुरात इंग्रजांनी लष्करी कायदा लावला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी, गड्ड्याच्या तोंडावरच, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली. ही चार नावं एकापाठोपाठ वाचली तरी हे शहर कोणाकोणाचं आहे ते कळतं.

कोल्हापूरचा बाणा मला आवडतो, नागपूरच्या माणसांनी मला जीव लावला. पण आपला मुलूख जसा आहे तसा, एकालाही न वगळता अंगावर वागवणारं शहर म्हणून मी सोलापूरचंच नाव घेईन. आज मात्र तिथले माग बंद पडत आहेत, बाहेर विणलेल्या चादरी सोलापुरी म्हणून विकल्या जातात आणि पूर्व भागातली शिकलेली मुलं पुण्याला जात आहेत. तेव्हा चादर घेताना ती कुठं विणली हे दुकानदाराला जरूर विचारा. आणि सोलापूरला यायचं तर संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला या, दुपारपर्यंत संमती कट्ट्याजवळ पोहोचा. अक्षता तिथं कोणीही हातावर ठेवील.